धुतलेली बरणी

(१९८१ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवृत्तीनंतर प्रत्येकजण काय करतो यावर दहा-पंधरा मिनिटं बोलायचं असं संयोजकांनी कळवलं होतं. माझ्याआधी एकाची नर्मदा परिक्रमा झाली, एकीने साठीत पोहायला शिकल्याचं सांगितलं. मी फोनवर माझा विषय सांगितला तेव्हा पलीकडून तीनदा विचारणा झाली. "फुलपाखरं? म्हणजे पाळतोस?" पाळत नाही. ती येतात. त्यांनी यावं म्हणून जे करावं लागतं, आणि मुख्य म्हणजे जे करायचं थांबवावं लागतं, ते थांबवलं आहे. एवढंच.

तुमच्यातले निम्मे लोक मला अजून 'औषधवाला' म्हणूनच ओळखतात, तेव्हा हसू येणं साहजिक आहे. १९८७ ते २०१८ अशी ३१ वर्षं आपल्या तासगावात माझं कृषी सेवा केंद्र होतं. समोर बसलेल्या कितीतरी जणांच्या द्राक्षबागांना माझ्याच दुकानातलं औषध गेलं आहे. आपल्याकडे विषाला औषध म्हणतात, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना सांगून ठेवतो. शेतकरी सकाळी रुमालात गुंडाळून एक पान आणायचा, काउंटरवर ठेवायचा आणि म्हणायचा, "ह्याला काय मारू?" मी पान उलटं करायचो. फुलकिडे, लाल कोळी, पिठ्या ढेकूण, उडद्या, जे असेल ते एका नजरेत ओळखायचो, मागच्या फळीवरची बाटली काढून द्यायचो, आणि तिच्यावरचा त्रिकोण दाखवायचो. लाल त्रिकोण सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हातमोजे घाला, तोंड बांधा, वाऱ्याच्या उलट मारू नका, हे प्रत्येकाला सांगायचो. ऐकायचे थोडेच.

मी तो धंदा केला याची मला लाज नाही. द्राक्षाला ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी काय करते ते ज्याच्या बागेत होतं त्यालाच कळतं. कर्जावर बाग उभी केलेल्या माणसाला "औषध बंद कर" असं सांगणारा मी नाही. पण ३१ वर्षांत कोणतीही अळी दिसली की माझ्या मनात एकच प्रश्न यायचा, तो मी आत्ता सांगितला. अळी पुढे काय होते हा प्रश्न नाही.

तो प्रश्न मला शाळेत एकदा विचारला गेला होता. आपल्या शास्त्राच्या बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, मी काल संध्याकाळी तुमच्याकडे आलो होतो ते हेच सांगायला, पण पोहे खाल्ले, चहा घेतला आणि न सांगताच परत गेलो. म्हणून आता सगळ्यांसमोर सांगतो.

साल १९७८. आपण आठवीत. पावसाळ्यात बाईंनी घरून लोणच्याची एक काचेची बरणी आणली होती. तिच्यात लिंबोणीची डहाळी आणि चार हिरव्यागार अळ्या. तोंडाला फडकं बांधलेलं. बाईंनी काडीने एका अळीला हलकेच डिवचलं, तेव्हा तिच्या डोक्यामागून दोन लाल शिंगं बाहेर आली आणि कुजक्या लिंबासारखा वास सुटला. मुली किंचाळल्या. आम्हीही किंचाळलो होतो, पण ते कोणाला आठवत नसावं. बाई म्हणाल्या, "ह्यांचं काय होतं ते आपण डोळ्यांनी बघायचं. पुस्तकातलं चित्र बघायचं नाही." रोज ताजा पाला घालायचं काम माझ्याकडे आलं, कारण आमच्या परसात लिंबोणी होती. प्रयोगशाळेची किल्लीही माझ्याकडे आली. त्या किल्लीचा मला पाल्यापेक्षा जास्त अभिमान होता.

मग गणपती आले. तासगावच्या माणसाला पुढचं सांगायची गरज नाही. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी रथ. सात मजली गोपुरासमोरची ती गर्दी, दोर ओढायला मिळावा म्हणून मोठ्या माणसांच्या काखेतून घुसणं, गुलालाने भरलेले कपडे. त्या सुट्टीत मी अळ्या विसरलो. पूर्णपणे विसरलो. शाळा सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी आठवण झाली तेव्हा किल्ली घेऊन धावत गेलो. बरणी खिडकीत होती, आणि त्या खिडकीवर दुपारभर ऊन यायचं. डहाळी वाळून काड्या झाल्या होत्या. चौघीही तळाशी होत्या. हिरवा रंग गेला होता.

मी त्या प्रयोगशाळेमागे टाकल्या, वर माती लोटली. नळावर बरणी धुतली, शर्टाने पुसली आणि जागेवर ठेवली. दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं, "बाई, फुलपाखरं झाली आणि उडून गेली."

बाईंनी विचारलं, "चारही?"

"हो."

"फडकं कोणी काढलं?"

"मी काढलं, बाई."

बाईंनी बरणी हातात घेतली, उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाल्या, "बरं. बस जागेवर." वर्गाला त्यांनी सांगितलं की आपली फुलपाखरं उडून गेली. मला वाटलं, सुटलो. पुढच्या वर्षी पावसाळ्यात बाईंनी पुन्हा बरणी आणली आणि पुन्हा माझंच नाव घेतलं. मी क्रिकेटच्या सरावाचं कारण सांगितलं. मग ते काम एका मुलीने केलं. ती आज इथे आहे, सोलापूरहून आली आहे. तिच्या बरणीतून फुलपाखरं निघाली तेव्हा सगळा वर्ग बघायला गेला होता. मी गेलो नव्हतो.

हे इथेच ठेवतो. पुन्हा येतो त्याच्याकडे.

२०१८ साली दुकान बंद केलं. मुलांना त्यात रस नव्हता, आणि माझ्याही छातीत औषधांच्या वासाने घरघर व्हायला लागली होती. घरामागे दीड गुंठा जागा आहे. त्यात बायकोने लावलेली लिंबोणी, एक कढीपत्ता, चार जास्वंदी आणि तुळस. बाकी तण. ऑगस्टमध्ये एक दिवस ती म्हणाली, "अहो, लिंबोणीची कोवळी पानं कोणीतरी कुरतडलीत. तुमच्याकडं काहीतरी शिल्लक असंल ना?" शिल्लक होतं. मी फवारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखालच्या फरशीवर पाच-सहा अळ्या पडल्या होत्या. चष्मा लावून वाकलो. एक अजून हलत होती. तिने माझ्याकडे तोंड करून ती लाल शिंगं बाहेर काढली. वास तोच होता.

मी त्या दिवशी काही ठरवलं बिरवलं नाही. फक्त उरलेल्या बाटल्या बाहेर काढल्या आणि त्यांची विल्हेवाट लावली. पुढच्या वर्षी बाग करायची असं मनात घेतलं, आणि नवशिका माणूस जे करतो तेच केलं. रोपवाटिकेतून दोन-अडीच हजारांची फुलझाडं आणली. टपोरे गुलाब, गच्च पाकळ्यांचा मोठा झेंडू, शेवंती. दिसायला बाग फोटोसारखी झाली. फुलपाखरं मात्र कुंपणापलीकडच्या दगडी पाल्यावर बसायची, माझ्या गुलाबाकडे ढुंकूनही बघायची नाहीत. कारण साधं आहे. गच्च पाकळ्यांच्या फुलात मध काढायला जागाच नसते. पाकळ्या वाढवताना माणसाने बाकीचं सगळं काढून टाकलेलं असतं. दगडी पाला, ज्याला आपण एकदांडीही म्हणतो, ते आपल्या लेखी तण. पण त्याच्या त्या बोटभर दांड्यावरच्या फुलात सोंड घालून बसलेली पाच-सहा जातींची फुलपाखरं मी एका सकाळी मोजली आहेत. आता माझ्याकडे फुलं आहेत ती एकेरी झेंडू, झिनिया, कॉसमॉस, पेंटास, एक्झोरा, सदाफुली. घाणेरीवरही ती गर्दी करतात, पण घाणेरी मी लावली नाही. ती एकदा सुटली की माळ खाते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पण फुलं हा अर्धाच भाग, आणि सोपा भाग. फुलावर फुलपाखरू पाहुणा म्हणून येतं, मध पितं आणि जातं. ते राहावं असं वाटत असेल तर त्याच्या पोरांची सोय करावी लागते. प्रत्येक जातीची मादी ठरलेल्या झाडावरच अंडी घालते. पायांनी पान चाचपते, चव घेते, आणि ते झाड नसेल तर पुढे जाते. म्हणजे बाग फुलपाखरांची करायची तर कुरतडून घ्यायची झाडं लावायची. पानांना भोकं पडलेली दिसली की खूश व्हायचं. ३१ वर्षं नेमकं उलटं सांगणाऱ्या माणसाला हे पचायला किती जड गेलं असेल!

लिंबोणीवर काय होतं ते सांगतो. लिंबाचं फुलपाखरू काळं, त्यावर फिकट पिवळे ठिपके. ते कोवळ्या पानावर ज्वारीच्या दाण्याहून लहान, पिवळसर असं एकेक अंडं घालतं. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते आणि ती दिसते हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी, काळपट आणि मध्ये पांढरा पट्टा. पहिल्या वर्षी मी अशा कितीतरी 'विष्ठा' फडक्याने पुसून टाकल्या असतील. अळी चार वेळा कात टाकते. शेवटच्या कातीनंतर अंग पानासारखं हिरवं होतं. दोन आठवडे खाऊन झालं की ती डहाळीवर बसते, कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधते, झाडावर चढणारा माणूस दोर बांधतो तशी. मग कोष. पावसाळ्यात आठ-दहा दिवस, थंडीत त्याहून जास्त.

कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन येतं. ह्या जातीतल्या काही माद्या आपल्या नरासारख्या दिसतच नाहीत, दुसऱ्याच एका बेचव फुलपाखराचं सोंग घेतात, म्हणजे पाखरं त्यांच्या वाटेला जात नाहीत. शाळेच्या फाटकाजवळ ते सरळसोट खोटे अशोक आहेत ना, त्यांच्या पानांवर टेल्ड जे नावाच्या फुलपाखराच्या अळ्या असतात. हिरव्या ठिपक्यांचं, एका जागी न ठरणारं. मध पितानाही पंख थरथरत असतात. आपण दहावीपर्यंत रोज त्या झाडांखालून गेलो आणि वर बघितलं नाही. आणि पानफुटी! शास्त्राच्या वहीत पानफुटीचं पान ठेवून त्याला मुळं फुटायची वाट बघितली नाही असा एकही जण इथे नसेल. त्याच पानफुटीवर रेड पिएरो अंडी घालतं. त्याची अळी पानावर बसत नाही, पानाच्या आत शिरते आणि वरची-खालची साल तशीच ठेवून मधला गर खाते. पान उजेडात धरलं की आत अळी चालताना दिसते. माझ्या नातीला मी हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "आजोबा, एक्स-रे!"

रुईची गोष्ट वेगळी. रुई मी मुद्दाम कुंपणाला लावली, कारण प्लेन टायगर तिच्यावर अंडी घालतं. केशरी पंख, टोकाला काळं आणि त्यात पांढरे ठिपके. आपल्या माळावर वर्षभर दिसणारं तेच ते. शेजारणीने पहिल्याच दिवशी सांगितलं, "दारात रुई नको हो, चिकानं डोळे जातात." खरं आहे, चीक डोळ्याला वाईटच, पानं तोडून हात धुवावेत. पण अळ्या तीच पानं खातात, तो कडवटपणा अंगात साठवतात आणि फुलपाखरू झाल्यावरही तो जात नाही. एकदा खाऊन ओकलेला पक्षी पुन्हा केशरी रंगाच्या वाटेला जात नाही. यातली गंमत पुढे आहे. डॅनेड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, अंगात विष मात्र नसतं. नुसत्या नावावर निभावून नेते. आणि तिच्या अळ्या वाढतात कशावर? घोळीवर. त्याच घोळीच्या भाजीवर, जी पिकातून काढायला मी तणनाशकं विकली.

तर रुई दारात नको म्हणणारी तीच शेजारीण आता दर शनिवारी सकाळी मारुतीच्या माळेसाठी पानं न्यायला येते. मी तिला सांगून ठेवलं आहे, पान उलटून बघायचं, खाली पांढरट ठिपका असेल तर तोडायचं नाही. तरी एकदा चुकलंच. त्या शनिवारी मारुतीच्या गळ्यात निदान दोन अंडी गेली असणार. ब्रह्मचाऱ्याच्या पदरी पोरं दिली म्हणून शेजारीण अजून मला बोलते.

बाकी जे केलं ते किरकोळ आहे. सकाळचं ऊन येईल तिथे दोन मोठे सपाट दगड ठेवले, कारण अंग तापल्याशिवाय फुलपाखराला उडता येत नाही. एका पसरट थाळ्यात वाळू, थोडी माती, चिमूटभर मीठ घालून ते ओलं ठेवतो. नर तिथे बसून क्षार शोषतात. सडायला आलेलं केळं झाडाच्या बेचक्यात ठेवतो, कारण काही जाती फुलाकडे जातच नाहीत, त्यांना कुजकं फळ लागतं. एरंड आहे, चित्रक आहे, एका कोपऱ्यात टाकळा उगवू दिला आहे. हे सगळं मी आयझॅक किहिमकरांच्या भारतीय फुलपाखरांवरच्या पुस्तकातून आणि आमच्या कुंपणावरून शिकलो. जास्त करून कुंपणावरून.

आमच्या घरचं भांडण मात्र सांगायला हवं, नाहीतर इथे बसलेली बायको नंतर मला सोडणार नाही. लिंबोणी तिची. लोणचं तिचं. अळ्यांनी कोवळी पालवी खाल्ली की बहर कमी येतो हे तिचं म्हणणं बरोबर आहे. एका वर्षी आमच्याकडे विकतची लिंबं आणावी लागली, आणि माझ्या पानात लोणचं वाढताना ती म्हणाली, "हे फुलपाखरांनी पाठवलंय." मग तह झाला. बेलाचं एक झाड आणि लिंबाच्या चार कुंड्या माझ्या. लिंबोणीवर अळी दिसली की मी ती पानासकट उचलून बेलावर नेऊन ठेवायची. बेलही त्यांना चालतो. ती लिंबोणी तपासते, मला हाक मारते, "या, तुमची आलीय." पूर्वी हीच बाई म्हणायची, काहीतरी मारा.

दुसरा तह वर्गातल्याच एकाशी आहे. नाव सांगत नाही, तो तिसऱ्या रांगेत खाली मान घालून बसला आहे. त्याची द्राक्षबाग माझ्या कुंपणाला लागून. पहिल्या वर्षी छाटणीनंतर त्याने ब्लोअर लावला आणि वारा माझ्याकडचा होता. दुसऱ्या दिवशी माझ्या झाडांवर एक अळी उरली नाही. मी कोणत्या तोंडाने बोलणार? पहिलं औषध त्याला मीच दिलं होतं, आणि ते कोणत्या वेळी मारायचं हेही मीच शिकवलं होतं. आठ दिवस आम्ही बोललो नाही. मग तो स्वतःच आला, कमरेवर हात ठेवून रुई बघत उभा राहिला आणि म्हणाला, "तुला आधी सांगितलं तर काय करशील?" आता तो फवारणीच्या आधी फोन करतो. "आज मारतोय रे. झाक तुझी लेकरं." मी आणि बायको तिच्या जुन्या साड्या घेऊन जातो, कुंड्या आत घेतो, बेल आणि लिंबोणी साड्यांनी गुंडाळतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं झाडांना नेसवलंय. सगळं वाचतं असं नाही. पण तो वारा पडल्यावर, पहाटे मारतो, आणि माझ्या बाजूच्या दोन ओळी शेवटी घेतो. ह्यासाठी त्याला एक तास जास्त लागतो. मी त्याच्याकडून याहून जास्त मागितलेलं नाही.

आणि न फवारताही मरतात, हे सांगायला हवं. बाग केली की फुलपाखरांचे थवे उडतील असं कोणाला वाटत असेल तर तसं होत नाही. एका पावसाळ्यात मी लिंबाच्या कुंड्यांवर ३७ अंडी मोजली. फुलपाखरं झाली ५. मुंग्या, कोळी, सरडा, बुलबुल, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ती बारीक गांधीलमाशी, जी अंड्यात किंवा कोषात आपलं अंडं घालते. कोष दिसायला ठीक असतो, मग एक दिवस त्याला टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत काही नसतं. तिच्या जातकुळीतल्या ट्रायकोग्रामाची कार्डं मी उसाच्या खोडकिडीसाठी वर्षानुवर्षं विकली, मित्रकीटक म्हणून. आता तिच्यावर रागावायचा मला अधिकार नाही. सुरुवातीला मी जाळी लावायचो, अळ्या डब्यात घ्यायचो. मग सोडून दिलं. बुलबुलाचीही पिल्लं असतात.

राज्य फुलपाखराचं मला नेहमी विचारतात. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला तो मान दिला, असं करणारं आपलं पहिलंच राज्य. काळं मखमली, त्यावर निळाईचे मोठे डाग, तळहाताएवढं. मी ते चांदोलीच्या बाजूला बघितलं आहे. लिंबाच्या जातीचीच झाडं त्यालाही लागतात, म्हणून एक पपनस लावून ठेवलं आहे. माझ्या बागेत ते अजून आलेलं नाही.

आता बरणीकडे परत येतो.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये माझ्या बागेतलं पहिलं फुलपाखरू मी निघताना बघितलं. आदल्या दिवशी कोष काळपट झाला होता. सकाळी सात वाजता खुर्ची टाकून बसलो. पावणेआठला कोषाला डोक्याकडून चीर गेली आणि एक ओलं, चुरगळलेलं काहीतरी बाहेर आलं. पंख म्हणजे नुसत्या भिजलेल्या चिंध्या. मग ते उलटं लटकलं आणि पंख हळूहळू भरत गेले, सपाट झाले. पोटातून तांबूस पाण्याचे थेंब पडले. तास-दीड तासाने ते एकदा पंख मिटून उघडून बघतं तसं केलं, आणि गेलं. मी टाळी वाजवली, एकटाच. आणि मग डहाळीकडे बघितलं.

तिथे टरफल होतं. कोरडं, कागदासारखं, कमरेचा धागा तसाच बांधलेला. पुढे तीन आठवडे ते तिथेच होतं. वाऱ्याने गेलं नाही, दोन पावसांनी गेलं नाही.

फुलपाखरू उडून जातं, टरफल मागे राहतं. चार उडाली तर चार टरफलं राहतात. बरणीत तळाला लेंड्या राहतात, खाल्लेल्या पानांचे देठ राहतात, ते तांबूस डाग राहतात. मी बाईंना दाखवली ती बरणी लख्ख धुतलेली होती. त्यातच पाच-सहा दिवसांपूर्वीपर्यंत त्या अळ्या होत्या, कोषसुद्धा झाले नव्हते. बाईंना ती उजेडाकडे धरायच्या आधीच कळलं असणार.

४१ वर्षांनी मला हे एका वाळक्या टरफलामुळे कळलं. बाई, तुम्ही वर्गासमोर मला खोटं पाडलं असतं तर मी ते आठवड्यात विसरलो असतो. तुम्ही सांगितलं की आपली फुलपाखरं उडून गेली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा माझंच नाव घेतलं. मी क्रिकेटचं कारण सांगितलं, तेही खोटं होतं. मी संघात नव्हतो. त्या चार अळ्या प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीशी, नळापासून दोन पावलांवर आहेत. तेवढं सांगायचं राहिलं होतं.

एक विनंती आहे आणि ती समितीला आहे. आपल्या वर्गणीतून शाळेच्या मागच्या पटांगणात लॉन करायचं ठरलं आहे. लॉनला मी विरोध करत नाही, फोटोला चांगलं दिसतं. पण लॉन म्हणजे फुलपाखराच्या दृष्टीने डांबरी रस्ता. प्रयोगशाळेच्या मागची दहा बाय वीस फुटांची पट्टी मला द्या. तिथे लिंब, कढीपत्ता, पानफुटी, एरंड आणि दगडी पाला लावतो, माझ्या खर्चाने. पाणी घालायला मी येईन. अट एकच, माळीबुवांनी तिथे तण काढायचं नाही आणि कोणी काही मारायचं नाही. आठवीच्या मुलांकडे किल्ली द्यायची की नाही ते सध्याच्या शिक्षकांनी ठरवावं.

जाताना फाटकाजवळ टेम्पोत कढीपत्त्याची रोपं ठेवली आहेत, प्रत्येकाने एक न्यावं. पानं खाल्लेली दिसली तर मला फोन करू नका, ती खाण्यासाठीच आहेत. लिंबाची एक कुंडी वेगळी ठेवली आहे, ती बाईंची. तिच्यावर एक कोष आहे. आज सकाळी बघितलं तेव्हा काळपट झाला होता आणि आतल्या पंखांची नक्षी बाहेरून दिसत होती, म्हणजे बहुतेक उद्या सकाळी. बाई, रिक्षात कुंडी पायाशी उभी ठेवा, आडवी होऊ देऊ नका. रात्री गॅलरीत ठेवा, सकाळचं ऊन लागेल अशी. ते उडून गेलं की मला फोन करा. टरफल तेवढं काढू नका, मी बघायला येतो.